बस वाकते, ट्रेलर बसतो

आज मी ट्रकबद्दल बोलणार आहे. लगेच रेडिओ बंद करू नका, सुरुवात बसपासून करते.

तोक्योत राहणाऱ्यांनी हे रोज पाहिलं असेल. तोएई बस थांब्याला लागते, फुस्स असा आवाज होतो आणि बस फुटपाथच्या बाजूला किंचित झुकते. आजी काठी टेकत चढतात, कुणी बाबागाडी चढवतं, की बस पुन्हा सरळ. माझी आई इथे आली होती तेव्हा म्हणाली, "अगं, बस नमस्कार करते!" चाकांवर लोखंडी पाट्यांऐवजी हवा भरलेले रबरी फुगे असतात. आपल्या शिवनेरीच्या व्होल्वोलाही असतात, म्हणून घाटात पोटातलं पाणी हलत नाही. ड्रायव्हर एक स्विच दाबतो, फुग्यातली थोडी हवा सुटते, बस वाकते. इतकंच.

तसाच स्विच मालाच्या ट्रेलरला बसवायचा होता आणि त्या भानगडीत मी पडले. मी आयटी सल्लागार. कानागावातल्या एका छोट्या वाहतूक कंपनीचं काम करत होते, कुठला ट्रेलर किती वाजता गोदामाच्या ओट्याला लागायचा याचं सॉफ्टवेअर. १ एप्रिल २०२४ पासून जपानमध्ये ट्रक ड्रायव्हरच्या जादा कामावर वर्षाला ९६० तासांची मर्यादा आली. तेव्हापासून ओट्यावर फुकट गेलेला प्रत्येक अर्धा तास मालकाच्या जिवाला लागतो. माझा तक्ता सुंदर होता. पण एका पावसाळी संध्याकाळी माल उतरवताना फोर्कलिफ्टचं पुढचं चाक ओटा आणि ट्रेलर यांच्या फटीत गेलं. माणूस वाचला, आडवा झाला नाही एवढंच. आणि ट्रेलरला तर हँडब्रेक लावलेला होता!

ब्रेक असताना ट्रेलर सरकतो कसा? हे मला तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकनं जमिनीवर खडूनं काढून दाखवलं. फुग्यांच्या ट्रेलरमध्ये चाकांचा अ‍ॅक्सल एका दांड्याला बांधलेला असतो आणि दांड्याचं दुसरं टोक पुढे चेसिसला खिळलेलं. फोर्कलिफ्ट आत शिरली की वजनानं चेसिस खाली जाते, दांड्याचं पुढचं टोक खाली झुकतं, आणि ब्रेकनं त्याच्याशी जखडलेलं चाकही तेवढंच पुढे फिरतं. ट्रेलर बोटभर पुढे. फोर्कलिफ्ट वीस वेळा आत-बाहेर करते, त्यात फट केव्हा वाढली ते कुणाला कळत नाही. उपाय सोपा आहे. माल चढवण्या-उतरवण्याआधी फुग्यांतली हवा सोडून द्यायची. चेसिस खालच्या रबरी ठोकळ्यांवर बसते, मग दांडा हलायचा प्रश्नच नाही.

हवा सोडायची मूठ ट्रेलरच्या कुशीला होती. पावसात, अंधारात ड्रायव्हर ती विसरत. उलटी चूकही व्हायची. हवा सोडून माल चढवला आणि मूठ परत न फिरवता गाडी काढली, म्हणजे रस्त्याचा प्रत्येक धक्का थेट चेसिसला आणि मालाला. म्हणून मालक म्हणाले, स्विच केबिनमध्ये आणा, दिवा लावा.

मला वाटलं, यात काय मोठंसं? मी कागदावर काढून दिलं: बॅटरी, फ्यूज, स्विच, ट्रेलरपर्यंत तार, टोकाला विजेवर चालणारा व्हॉल्व्ह. त्याच तारेवर डॅशबोर्डचा दिवा. एमबीए केल्यापासून चौकोन आणि बाण काढायचा हात चांगलाच बसलाय. मेकॅनिकनं कागद पाहिला, उठले, उभ्या ट्रेलरचा प्लग खसकन उपटला आणि मला विचारलं, "आता काय होईल?"

माझ्या आकृतीत वीज गेली की व्हॉल्व्ह उघडत होता. म्हणजे तार तुटली, प्लग सैल झाला, पिन गंजली, की भर रस्त्यात हवा सुटणार. इथे एक्स्प्रेसवेवर ट्रेलरला ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. ताशी ८० च्या वेगात, वीस टन माल असताना, मागचा भाग अचानक बसला तर? मी काही बोललेच नाही.

तेव्हा पहिलं ठरलं: वीज नसेल तेव्हा ट्रेलर चालण्याच्या उंचीवरच राहिला पाहिजे. वीज दिली तरच हवा सुटेल. यात एक मेख आहे. ट्रेलर सोडून ट्रॅक्टर निघून गेला की वीज नाही, आणि टाकीत हवा उरली असेल तर फुगे परत फुगू शकतात. म्हणून कुशीची जुनी मूठ काढली नाही. ट्रेलर एकटा उभा करायचा असेल तर ती हातानंच फिरवायची.

दुसरं, हँडब्रेक लावलेला असल्याशिवाय स्विचला वीजच मिळायची नाही. तो संकेत ट्रॅक्टर बनवणाऱ्यांनी जोडणीसाठी मुद्दाम दिलेल्या टोकावरून घेतला, दिसेल ती तार सोलून नाही. ब्रेकच्या हवेच्या नळ्यांना आणि एबीएसच्या वायरिंगला तर आमच्यापैकी कुणी हातच लावला नाही. जपानमध्ये ब्रेक उघडायचं काम मान्यताप्राप्त वर्कशॉपचं.

स्विचच्या प्रकारावरून आमचं थोडं वाजलं. मला घरच्या दिव्यासारखा, दाबला की दाबलेला राहणारा हवा होता. ते म्हणाले, ड्रायव्हर तो तसाच ठेवून निघेल. पुढे सिग्नलला हँडब्रेक ओढला की तिथेच ट्रेलर बसेल, मागे गाड्यांची रांग. शेवटी दाबून सोडायचं बटण आणि स्वतःला धरून ठेवणारा रिले आला. हँडब्रेक सुटला की रिले सुटतो, आणि ब्रेक पुन्हा लावला तरी बटण पुन्हा दाबल्याशिवाय काही होत नाही. सॉफ्टवेअरमध्ये मी हे रोज करते. मशीन पुन्हा चालू झालं तर जुना हुकूम आपोआप पाळायचा नसतो. इथे कसं सुचलं नाही, कोण जाणे!

आणि दिवा. माझा दिवा बटण दाबल्याचं सांगत होता, हवा सुटल्याचं नाही. त्यांनी फुग्याच्या नळीवर हवेचा दाब ओळखणारा छोटा स्विच बसवला आणि तिथून वेगळी तार केबिनमध्ये आणली. फुगे खरोखर रिकामे झाले की दिवा लागतो. व्हॉल्व्ह अडकला तर बटण दाबूनही दिवा लागत नाही, आणि ड्रायव्हरनं खाली उतरून बघायचं हे त्याला कळतं.

बाकीचं पटकन सांगते. जपानमधले मोठे ट्रक २४ व्होल्टचे, भारतातलेही. अमेरिकेतून ऐकत असाल तर तिकडे १२, तेव्हा व्हॉल्व्हवरचा आकडा वाचल्याशिवाय मागवू नका. तार बारा मीटर मागे जाते, बारीक घेतली तर वीज वाटेतच कमी पडते. फ्यूज बॅटरीजवळ हवा, ट्रेलरजवळ नव्हे.

हे सगळं तुम्हाला का सांगतेय? मार्च २०२४ मध्ये जपान सरकारनं विशिष्ट कौशल्याच्या व्हिसात वाहन वाहतुकीचं क्षेत्र घातलं, पाच वर्षांसाठी २४,५०० माणसांचा अंदाज धरून. माझा मावसभाऊ फलटणला ट्रक चालवतो, त्यानंही फोन करून विचारलं, "ताई, तिकडं जमंल का?" तुमच्याही घरात असा फोन आला असेल. पगार, खोली, भाषा हे आपण सांगतोच. मी त्याला आणखी एक सांगितलं. केबिनमध्ये ओळखीचा नसलेला स्विच दिसला की तेन्कोच्या वेळी, म्हणजे निघण्याआधीच्या हजेरीत, विचारायचं: हा दाबला तर काय होतं, आणि तार तुटली तर काय होतं? नवीन माणूस, तोडकं जपानी, विचारायची लाज वाटते. मलाही वाटली होती, तीही माझ्याच आकृतीबद्दल.

तो म्हणाला, "आणि त्यांनाच म्हाईत नसलं तर?" मी म्हटलं, मग चाकाला ठोकळा लावायचा, खाली उतरायचं आणि कुशीची मूठ शोधायची.

आमच्या यार्डात आता बटणावर लाल झाकण आहे. मेकॅनिकनी खाली जपानीत चिठ्ठी चिकटवली, ती मी मराठीतही लिहून घेतलीय: "आधी ठोकळा, मग हवा." निघताना ड्रायव्हर दिव्याकडे बोट दाखवतात, तो विझलाय याची खात्री करतात आणि मोठ्यानं म्हणतात, "योशी!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. आता घरातून निघताना गॅसच्या बटणाकडे बोट करून मीही म्हणते, आणि मुलगी मला हसते.

फलटणचा फोन या रविवारी पुन्हा येणार आहे. काय ठरतं ते पुढच्या वेळी सांगेन. नमस्कार.