राहते घर आणि डोक्यावरचे कर्ज
(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक झाले, ज्येष्ठांचा सत्कार झाला. अशा मंगल प्रसंगी कर्ज आणि दिवाळे हा विषय काढणे कित्येकांस अशुभ वाटेल. तथापि आम्ही तो समजून उमजूनच निवडला आहे. आपल्या घरांतून आजारपणाची चर्चा मोकळेपणाने होते, लग्नाच्या बोलणीस तर निम्मी चाळ हजर असते. परंतु कर्जाची वार्ता गृहिणीलासुद्धा पुष्कळदा बँकेचा माणूस दारावर नोटीस डकवून गेल्यावरच कळते. लाजेपोटी झाकलेले दुखणे बळावते, तसेच हे आहे. म्हणून त्याचा उच्चार ज्ञातीच्या व्यासपीठावर व्हावा, असे आम्हांस अगत्याने वाटले.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: कर्ज पुष्कळांना होते, परंतु राहते घर बहुधा त्याचेच जाते, ज्याने ते आपल्या सहीने तारण लिहून दिलेले असते.

आपल्या मुंबईने दिवाळी पाहिली तशी दिवाळीही पुष्कळ काढली, असे विनोदाने म्हटले जाते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर शेअरबाजाराचे वेड शहरभर पसरले. बॅकबेच्या भरणीसाठी निघालेल्या कंपनीच्या ५,००० रुपयांच्या भागाला ५०,००० पर्यंत किंमत चढली. १८६५ साली युद्ध संपले, १ जुलैला वायद्यांचा हिशेब करण्याची वेळ आली आणि कागदावरची श्रीमंती कागदावरच राहिली. प्रेमचंद रायचंदांसारखे धनाढ्य कोसळले. गिरगावकरांना ज्यांचा अभिमान, त्या डॉ. भाऊ दाजींसारख्या विद्वानालाही त्या वावटळीत मोठी झळ लागली. बुडालेल्यांची संख्या एवढी वाढली की त्यांच्या मिळकतींची व्यवस्था लावण्यासाठी त्याच वर्षी सरकारला खास कायदा करावा लागला.

हे फार जुने झाले असे कोणी म्हणेल. मग दादरचेच उदाहरण घेऊ. गिरणी कामगाराचे चिरंजीव भगवान पालव, म्हणजे आपले भगवानदादा, यांनी १९५१ साली ‘अलबेला’ काढला आणि त्यांचे नाव घरोघर झाले. जुहूला बंगला झाला, दारात मोटारी उभ्या राहिल्या. पुढे स्वतःच्या पैशाने काढलेल्या चित्रपटांनी दगा दिला; बंगला गेला, मोटारी गेल्या. त्यांचे उत्तरायुष्य दादरच्या चाळीतील घरात गेले आणि २००२ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. एवढा लोकप्रिय माणूस. परंतु धंद्याचा पैसा आणि घराचा पैसा यांत भिंत नसेल तर लोकप्रियता तारत नाही. शेवटी आसरा दिला तो चाळीने, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. तिचा कायद्याशीही संबंध आहे. तो आता सांगतो.

कर्ज फिटले नाही, धनकोने कोर्टातून हुकूमनामा मिळवला आणि जप्ती आली, तर सर्वस्व जाते अशी समजूत आहे. ती खरी नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६०व्या कलमाने कर्जदाराच्या कुटुंबाला काही गोष्टी राखून दिल्या आहेत. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण यांना हात लावता येत नाही. धर्माचाराप्रमाणे जो दागिना स्त्रीने उतरवू नये, त्यालाही नाही. कारागिराची हत्यारे जप्त होत नाहीत. भविष्यनिर्वाह निधी सुरक्षित असतो, तसेच आयुर्विम्याची रक्कमही. पगाराच्या बाबतीत पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन-तृतीयांश भाग जप्तीबाहेर राहतो. म्हणजे ४०,००० पगार असेल तर १३,००० पेक्षा अधिक कापता येत नाहीत. आणि एकाच हुकूमनाम्यापोटी एकूण २४ महिने कपात झाली की तो पगार त्या हुकूमनाम्यापुरता मोकळा होतो. पोटगीच्या हुकूमनाम्याला मात्र नियम निराळे आहेत.

याच कलमात १९७६ च्या दुरुस्तीने आणखी एक तरतूद आली. भाडेनियंत्रणाचा कायदा लागू असलेल्या राहत्या इमारतीतील भाडेकरूचा हक्क धनकोला जप्त करता येत नाही. गिरगावातील वाड्या, लालबाग-परळच्या चाळी आणि दादरच्या जुन्या इमारती यांतील पागडीची खोली या तरतुदीखाली येते. आपल्या वडिलांच्या पिढीत धंदे बसले. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपात गिरणगावातील लक्षावधी कुटुंबांच्या चुली विझण्याची पाळी आली. सावकाराचे व्याज डोक्यावर चढले. परंतु दहा बाय बाराची खोली पुष्कळांची टिकली. त्या खोलीवर बँक मोठी रक्कम देत नसे आणि कोर्ट ती लिलावात काढीत नसे. खोलीचे दारिद्र्यच खोलीचे कवच झाले होते.

आता काळ पालटला आहे. जुन्या उपकरप्राप्त इमारती पाडून उंच मनोरे उभे राहत आहेत. बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासात रहिवाशांना ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर मिळण्याची योजना आहे आणि वरळीस २०२५ सालापासून किल्ल्या हाती पडू लागल्या आहेत. आनंदाची गोष्ट आहे, आम्ही तिचे स्वागत करतो. परंतु एक फरक कोणी समजावून सांगत नाही. भाडेकरूचा मालक झाला की ६०व्या कलमाचे ते कवच गळून पडते. शेतकऱ्याचे राहते घर त्या कलमाने वाचते. दादरच्या नोकरदाराचा मालकीचा ब्लॉक वाचत नाही. आणि आजवर ज्या दाराकडे कोणी फिरकले नाही, त्या दारी ‘घरावर कर्ज घ्या’ म्हणून सांगणारे येऊ लागतात. तीन पिढ्यांत प्रथमच आपल्या कुटुंबाकडे गहाण ठेवण्याजोगे काही आले आहे. जे राखण पूर्वी कायदा करीत होता, ते आता आपले आपणच केले पाहिजे.

घर तारण दिल्यावर काय होते? तीन महिने हप्ते थकले की कर्जाचे खाते बुडीत धरले जाते. २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे बँकेला दिवाणी दावा लावण्याची गरज उरत नाही. ती ६० दिवसांची नोटीस देते आणि त्यानंतर घराचा ताबा घेऊ शकते. सहकारी बँकांनाही हा अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० साली ठरवले. म्हणून नोटीस आली तर ती कपाटात ठेवू नये. त्या ६० दिवसांत लेखी हरकत घ्यावी. बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावेच लागते. ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांच्या आत ऋणवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. लिलावाची जाहीर नोटीस निघेपर्यंत सर्व रक्कम भरून घर सोडवता येते. हे दिवस मोजके आहेत. ते रडण्यात किंवा देवास साकडे घालण्यात घालवू नयेत.

दुसरा धोका जामिनकीचा. आपल्याकडे भिडेला फार मान. मेहुण्याचा छापखाना, मित्राचे दुकान, कचेरीतील सहकाऱ्याचे पतपेढीचे कर्ज. ‘नुसती सही तर हवी आहे’ असे म्हणतात आणि आपण सही ठोकतो. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८व्या कलमाप्रमाणे, करारात वेगळे काही ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. आधी ऋणकोला पकडा, मग माझ्याकडे या, असे म्हणण्याचा हक्क त्याला नसतो. पतसंस्थेला तर १९६० च्या सहकार कायद्याच्या १०१व्या कलमाखाली निबंधकाकडून थेट वसुलीचा दाखला मिळतो. यास्तव जी रक्कम आपण आप्ताला उद्या दान म्हणून देऊ शकू, तेवढ्याच रकमेला जामीन राहावे. त्याहून अधिक रकमेला हात जोडावे. नात्यात त्या दिवशी थोडा रुसवा येईल. परंतु न फिटलेल्या जामिनकीने जी नाती तुटतात, ती जन्मभर जुळत नाहीत.

काही चतुर लोक सल्ला देतात की संकट दिसू लागताच घर पत्नीच्या किंवा भावाच्या नावे करावे. हा सल्ला ऐकू नये. धनकोंना बुडवण्यासाठी केलेले हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५३व्या कलमाने रद्द करवून घेता येते. नादारी जाहीर होण्यापूर्वीच्या दोन वर्षांत केलेली बक्षीसपत्रेही टिकत नाहीत. घर जाते ते जातेच, वर अप्रामाणिकपणाचा शिक्का बसतो. सरळ मार्ग आहेत, ते मात्र सुकाळात धरावे लागतात. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पतीने पत्नीच्या व मुलांच्या हितासाठी विमा उतरवला, तर त्या रकमेवर पतीच्या धनकोंचा हक्क पोहोचत नाही. स्त्रीधन हे स्त्रीचे स्वतःचे असते; नवऱ्याच्या धंद्याच्या कागदावर तिची सही घेऊन ते गुंतवू नये. भगिनींना आमची विनंती आहे की, न वाचता कोणत्याही कागदावर सही करू नका. मग तो कागद कोणीही पुढे केलेला असो.

सर्व उपाय थकले तर काय? मुंबई शहरात नादारीचा अर्ज उच्च न्यायालयात, १९०९ च्या कायद्याप्रमाणे करता येतो. २०१६ च्या नव्या संहितेतील व्यक्तींच्या दिवाळखोरीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आला, तो कंपनीच्या कर्जाला व्यक्तिशः जामीन राहिलेल्यांपुरताच. नादारी जाहीर झाली की मालमत्ता ऑफिशियल असायनी या अधिकाऱ्याच्या ताब्यात जाते, धनकोंना परस्पर दावे लावता येत नाहीत आणि पुढे न्यायालय मुक्ततेचा हुकूम देऊ शकते. परंतु मूळ कायद्याने नादाराच्या हाती हत्यारे, कपडे, भांडीकुंडी मिळून अवघे ३०० रुपयांचे सामान राखले होते, यावरून त्याचा कडकपणा ध्यानी यावा. शिवाय गहाण घरावरील बँकेचा हक्क नादारीने थांबत नाही, कपटाने केलेल्या देण्यातून सुटका होत नाही आणि मुक्तता होईपर्यंत विधिमंडळाची निवडणूक लढवता येत नाही. नादारी हा प्रामाणिक माणसाचा शेवटचा दरवाजा आहे; त्याला पाप समजू नये आणि सोयही समजू नये.

दोन भीती मात्र मनातून काढून टाकाव्यात. निव्वळ पैसे नाहीत म्हणून माणसाला तुरुंगात टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली स्पष्ट केले आहे. ऐपत असून दडवणाऱ्याची गोष्ट वेगळी. तसेच पित्याचे ऋण फेडणे हा पुत्राचा धर्म, हे संस्कार म्हणून थोर आहे. परंतु ९ सप्टेंबर २००५ पासून केवळ त्या धर्मकर्तव्याच्या आधारे पित्याच्या नव्या कर्जासाठी पुत्रावर दावा चालत नाही. वारशाने जेवढे हाती आले, तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी.

शेवटी ज्ञातिसंस्थेने काय करावे? रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तलमकी यांनी १९०६ साली शामराव विठ्ठल पतसंस्था काढली आणि १९१५ साली गावदेवीस सहकारी गृहसंस्था उभारली. आपल्या माणसांना पत मिळावी आणि छप्पर मिळावे, या दोन्ही गोष्टी त्यांनी जोडून पाहिल्या. तो वारसा पुढे चालवावयाचा तर आमच्या तीन सूचना आहेत. ज्ञातीतील वकील व हिशेबनीस मंडळींनी महिन्यातून एक संध्याकाळ कर्जदार कुटुंबांसाठी राखून ठेवावी आणि तेथे कानी आलेली गोष्ट तेथेच राहावी. नव्या घराच्या किल्ल्या ज्यांना मिळतील, त्यांना सत्कारासमवेत तारणाच्या कागदांची माहितीही द्यावी. आणि ज्याचा धंदा बसला त्याच्या मुलीच्या स्थळास केवळ तेवढ्यावरून नकार देण्याची रीत आपण सोडावी. कारण माणसे कर्ज लपवतात ती कोर्टाच्या भीतीने थोडी आणि आपल्या भीतीने फार.

भगिनींनो व बंधूंनो, आपण शांत चित्ताने ऐकून घेतलेत याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. हे ऋण विनातारण आहे, एवढे आम्ही पाहून घेतले आहे. आज घरी गेल्यावर पतिपत्नींनी एकत्र बसून एका कागदावर आपली सर्व देणी आणि सर्व जामिनक्या लिहून काढाव्यात, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.