मेंढपाळ कुत्र्याच्या पिल्लाचे शिक्षण
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात गंगापूर रोड, नाशिक येथे केलेले भाषण)



आपल्या संमेलनात वधूवर-परिचय, विद्यार्थ्यांचा गुणगौरव आणि ज्ञातिगृहाचा जमाखर्च हे विषय ठरलेले असतात. अशा व्यासपीठावर कुत्र्याच्या पिल्लाविषयी बोलावयास उभ्या राहिलेल्या निवृत्त शिक्षकाकडे काही मंडळी मिस्किलपणे पाहत आहेत, हे आमच्या ध्यानात आले आहे. परंतु चिटणीसांनी हा विषय आम्हांस उगीच दिलेला नाही. गंगापूर रोडच्या दोन्ही अंगांस जेथे पूर्वी मळे आणि द्राक्षबागा होत्या, तेथे आता बंगले व उंच इमारती उभ्या आहेत. घरांतील तरुण मंडळी नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस किंवा परदेशी गेली. मागे राहिलेल्या आईवडिलांस सोबत व्हावी, घराची राखण व्हावी, म्हणून चिरंजीव सुटीवर येतात, एक अल्सेशियन पिल्लू आणून देतात आणि सुटी संपताच निघून जातात. दोन महिन्यांचे ते लोकरीच्या गुंड्यासारखे पिल्लू वर्षाच्या आत तीस किलोच्या घरात जाते. सत्तरीच्या माणसाच्या हाती तीस किलोचे अशिक्षित जनावर असणे ही थट्टेची गोष्ट नव्हे.

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी म्हण आपल्यात आहे आणि ती सांगून पुष्कळ लोक हात झटकतात. शेपटापुरती ती खरी असेल. कुत्र्यास शिकविता येत नाही असा तिचा अर्थ कोणी करीत असेल, तर तो आम्हांस मान्य नाही.

विद्यार्थ्याच्या घरची परिस्थिती जाणल्यावाचून त्यास शिकविता येत नाही, म्हणून आधी हे कुत्रे कोठले ते पाहू. माक्स फॉन श्टेफानित्स या जर्मन घोडदळातील अधिकाऱ्याने १८९९ मध्ये कार्ल्सरूहे येथील एका प्रदर्शनात मेंढपाळांच्या कामाचे एक कुत्रे पाहिले, ते विकत घेतले, त्याचे नाव होरांड ठेवले आणि त्याच वर्षी या जातीसाठी संघ स्थापन केला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्रजांस जर्मन हा शब्दच नकोसा झाला, तेव्हा त्यांनी यास अल्सेशियन म्हणावयास सुरुवात केली. ब्रिटनच्या केनेल क्लबने १९७७ मध्ये जर्मन शेफर्ड हे मूळ नाव परत घेतले, तरी आपल्याकडे जुने नाव अजून टिकून आहे.

मेंढपाळाचे कुत्रे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धनगराचे कुत्रे उभे राहते. पण दोघांचे काम निराळे. आपल्याकडे पावसाळा सरला की धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणाकडे निघतात. रात्री शेतात मेंढ्या बसविल्या की कुत्रे कळपाजवळ राहते आणि लांडग्याची चाहूल लागताच भुंकून उठते. ते राखणदार आहे. जर्मन कुत्र्यास दिवसा चालत्या कळपाचे कुंपण व्हावे लागे. तेथील शेतांस कुंपणे नसत. एका बाजूस चरावयाचे गवत, दुसऱ्या बाजूस उभे पीक आणि मधल्या बांधावरून हे कुत्रे दिवसभर येरझारा घालीत असे. मेंढी पिकाकडे वळली की तिला आत लोटावयाचे, वेळी दात लावावयाचा पण जखम करावयाची नाही, आणि हे सर्व करीत असता धन्याच्या इशाऱ्याकडे लक्ष ठेवावयाचे. पिढ्यान्‌पिढ्या जी कुत्री धन्याकडे पाहून काम करीत, त्यांचीच पैदास झाली.

हे एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, अंगणात पळणाऱ्या नातवाच्या टाचेस पिल्लाने दात लावला की घरात एकच गलका होतो आणि ते माजले, असा निवाडा दिला जातो. ते माजलेले नसते. कळपातून फुटलेल्या मेंढीस ते परत आणीत असते! त्यास चावणे सोडविण्याचा उपाय सोपा आहे. दात लागला की खेळ तेथेच थांबवावा, हात मागे घ्यावा, मुलास स्थिर उभे राहावयास सांगावे आणि पिल्लाच्या तोंडी दोरीचे खेळणे द्यावे. चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडू लागतात. तेव्हा हिरड्या शिवशिवतात आणि हा उपद्रव वाढतो. सहा-सात महिने झाले की तो पुष्कळसा ओसरतो. तोपर्यंत धीर धरावा लागतो.

आमच्या वस्तीतील एका गृहस्थांनी हा धीर धरला नाही. त्यांचा अल्सेशियन दिवसभर वाहनतळाच्या खांबास आखूड साखळीने बांधलेला असे. तो गुरगुरला की काठी बसे. मालकासमोर तो पोट जमिनीस लावून बसे, तेव्हा पाहणारे म्हणत, काय शिस्त लावली आहे! पुढे त्याचे गुरगुरणे बंद झाले. गुरगुरणे ही कुत्र्याची सूचना असते. दूर राहा, मला भीती वाटते, एवढेच ते सांगते. ती सूचना काठीने बंद करता येते. भीती बंद करता येत नाही. एके दिवशी वर्तमानपत्र टाकणाऱ्या मुलाचा हात त्याने कसलीही सूचना न देता धरला. मुलास टाके पडले, रेबीजप्रतिबंधक लसीचा पूर्ण क्रम घ्यावा लागला. त्यानंतर आठवड्याने तो कुत्रा दारात दिसेनासा झाला. त्यास मोटारीत घालून धरणाच्या बाजूस सोडून आले, असे समजले. साखळीत वाढलेले जनावर तेथे किती दिवस जगले असेल, याचा विचार आम्ही पुष्कळदा केला आहे.

रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून १९६० चा प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारा कायदा आला. जनावरास मारहाण करणे, अवाजवी काळ आखूड वा जड साखळीने बांधून ठेवणे, नेहमी बांधलेल्या कुत्र्यास फिरविण्यात हयगय करणे आणि त्याची उपासमार होईल अशा स्थितीत त्यास टाकून देणे, हे सर्व त्या कायद्याने गुन्हे आहेत. या कायद्यास साठ वर्षे उलटून गेली आहेत. पण सभागृहातील किती जणांस तो ठाऊक आहे, हे हात वर करून विचारण्याचे आम्ही टाळतो.

मॅट्रिक होऊन आम्ही अध्यापक विद्यालयात गेलो, तेव्हा थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे तीन नियम घोकले होते: सिद्धतेचा, सरावाचा आणि परिणामाचा. परीक्षेपुरते घोकलेले हे नियम मुळात मांजरांवरील प्रयोगांतून निघाले, हे फारसे कोणाच्या लक्षात राहत नाही. १८९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत भुकेल्या मांजरास पेटीत कोंडून बाहेर खाद्य ठेवीत. मांजर धडपडे, कधीतरी कळ दाबली जाई, दार उघडे. प्रत्येक खेपेस वेळ कमी लागे. ज्या कृतीचा परिणाम सुखाचा, ती पक्की होते. पुढे १९३० नंतर थॉर्नडाइक यांनीच आपल्या नियमाचा अर्धा भाग सोडून दिला. बक्षिसाने कृती जितकी पक्की होते तितकी शिक्षेने ती पुसली जात नाही, असे त्यांस आढळले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील मारास बंदी झाली, तेव्हा आता वर्ग कसा चालणार, अशी चर्चा शिक्षकांच्या खोलीत आठवडाभर चालली होती. वर्ग चालले.

कुत्र्यांच्या बाबतीतही हे ताडून पाहिलेले आहे. पोर्तुगालमधील पोर्तो येथील संशोधकांनी २०२० मध्ये ९२ कुत्र्यांच्या लाळेची तपासणी प्रसिद्ध केली. हिसका, ओरडा व धाक यांनी शिकविल्या जाणाऱ्या कुत्र्यांत धड्यानंतर ताणाचे द्रव्य वाढलेले आढळले. बक्षिसाने शिकविलेल्यांत तसे दिसले नाही. आणि धाकाशिवाय मोठे काम होत नाही, असे ज्यांस वाटते त्यांनी अंधांच्या मार्गदर्शक कुत्र्यांकडे पाहावे. १९१६ मध्ये जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी अशा कुत्र्यांची शाळा निघाली आणि तीत याच जातीची कुत्री शिकली. अंध धनी चल म्हणाला, पण समोरून मोटार येत असली, तर त्या कुत्र्याने आज्ञा मोडलीच पाहिजे. मारून वाकविलेले कुत्रे हे धैर्य करू शकत नाही.

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळू. तीन वर्षांपूर्वी आमच्या घरी आठ आठवड्यांचे पिल्लू आले. त्याचे नाव मोती. नाव जुन्या वळणाचे आहे, हे सूनबाईंनी तेव्हाच सांगितले. पहिला घोळ भाषेचा झाला. आमच्या सौभाग्यवती त्यास 'बैस हं बाळ' म्हणत, सूनबाई 'सिट' म्हणत, नातू 'बस बस बस' असा तिहेरी गजर करी. मोती तिघांकडे आळीपाळीने पाहून उभाच राही. कुत्र्यास व्याकरण नसते. बस, बैस आणि बसा हे त्याच्या लेखी तीन शब्द. म्हणून भिंतीवर कागद लावून पाच शब्द ठरविले: बस, ये, थांब, सोड, चल. सर्वांनी तेच म्हणावयाचे, आणि एकदाच म्हणावयाचे.

बस शिकविताना हरभऱ्याएवढा पनीरचा तुकडा नाकासमोर धरून हळूच डोक्यावरून मागे न्यावा. मान वर जाते आणि मागचा भाग आपोआप टेकतो. टेकताक्षणी शब्द उच्चारावा, शाबास म्हणावे, तुकडा द्यावा. येथे क्षणाला फार महत्त्व आहे. तुकडा काढण्यासाठी खिसा चाचपीत राहिलो आणि तेवढ्यात पिल्लू उठले, तर त्यास उठण्याचेच बक्षीस मिळते. याच कारणाने, पिल्लाने घरात केलेल्या घाणीवर मागाहून त्याचे नाक घासण्याची जी रीत आहे, ती निरर्थक आहे; अर्ध्या तासापूर्वीच्या गोष्टीशी ते शिक्षेचा संबंध जोडू शकत नाही. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर त्यास ठरावीक जागी न्यावे, आणि काम झाले की तेथल्या तेथे शाबासकी द्यावी. धडा तीन ते पाच मिनिटांचाच असावा. दिवसातून चार वेळा असावा. पाठ पक्का झाला की तुकडा कधी द्यावा, कधी नुसते शाबास म्हणावे.

फाटकाशी थांबण्यास मोती अकरा दिवसांत शिकला. पहिल्या दिवशी दोन क्षण, मग पाच, मग दहा. मधे फाटक किंचित उघडावयाचे. चुकला तर ओरडावयाचे नाही. फाटक मिटवून पुन्हा दोन क्षणांपासून आरंभ. सौ. म्हणाल्या, याच्यापेक्षा तुमची चौथीची मुले लवकर शिकत. ते खरे होते. पण त्या मुलांस मराठी येत होते. आणि ये या शब्दाविषयी एक नियम आम्ही घरात कडक ठेवला: ये म्हणून बोलावून कधीही रागवावयाचे नाही. सुटून गेलेले कुत्रे परत आल्यावर त्यास मारले, तर परत येण्याचे फळ मार, एवढेच ते शिकते.

जन्मानंतर साधारण तिसऱ्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू नव्या गोष्टी सहज स्वीकारते. नंतर त्यांची भीती बसू लागते. पण याच काळात त्याच्या लसी पुऱ्या झालेल्या नसतात आणि जमिनीवरून पार्व्होची बाधा होण्याचे भय असते. यावर तोड म्हणजे त्यास कडेवर घेऊन जग दाखविणे. रिक्षा, कुकरची शिट्टी, छत्री, काठी टेकीत येणारे आजोबा, सर्व काही दुरून आणि तुकड्याच्या संगतीने. गणेशोत्सवात नाशिकचा ढोल काय असतो हे आपणांस सांगावयास नको. पहिल्या वर्षी आम्ही खिडकी लावून आतल्या खोलीत बसलो. दर ठोक्यास एक कण. मग खिडकी थोडी उघडली. आता ढोल वाजला की मोती भीतीने पलंगाखाली न जाता स्वयंपाकघराकडे पाहतो.

आठव्या महिन्यापासून शिकलेले सर्व विसरल्यासारखे होते. पुष्कळ लोक येथेच काठी उचलतात. हे वयच तसे आहे. इयत्ता आठवीचा वर्ग ज्यांनी सांभाळला त्यांस अधिक सांगणे नलगे. पुन्हा पहिल्या धड्यापासून आरंभ करावा. ही जात पूर्ण समंजस होण्यास दोन वर्षे लागतात.

रात्री कुत्रे घरात घ्यावे. गोदाकाठच्या झाडीतून बिबट्या आपल्या वस्तीपर्यंत येतो हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो, आणि कुत्रे हे त्याच्या नेहमीच्या भक्ष्यांपैकी आहे. राखणीसाठी अंगणात साखळीने बांधलेले कुत्रे त्याच्यापुढे काय राखण करणार?

बक्षिसासंबंधी एक गोष्ट राहिली. आपल्या जिल्ह्याची कीर्ती ज्या दोन पिकांवर आहे, ती द्राक्षे आणि कांदा ही दोन्ही कुत्र्यास विषासमान आहेत. द्राक्षांनी, आणि त्याहूनही मनुका-बेदाण्यांनी, त्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. कांद्याने, मग तो शिजविलेला का असेना, रक्तातील तांबड्या पेशी नाश पावतात. चॉकलेटही वर्ज्य. पनीर, उकडलेले अंडे, भाकरीचा तुकडा, चालत असेल त्या घरी बिनमसाल्याची कोंबडी, एवढे पुरते.

चिटणीसांनी वीस मिनिटे दिली होती, ती संपल्याची चिठ्ठी आली आहे. ज्यांच्या घरी पिल्लू आहे त्यांनी आपल्या शंका भोजनानंतर अवश्य विचाराव्यात. आजच्या पंगतीस बुंदीचे लाडू आहेत आणि त्यांत बेदाणे घातले आहेत, असे पाकगृहातून समजते. तेव्हा रुमालात बांधून पिल्लासाठी कोणी लाडू नेऊ नये, इतकी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.