गोधडी आणि यंत्र
(एन्नोर येथील स्नेहमेळाव्यातील भाषण)



एन्नोरसारख्या उष्ण, समुद्रकाठच्या गावी गोधडीवर बोलावे, याचे कित्येकांस नवल वाटेल. येथे मार्गशीर्षातही जाड पांघरूण क्वचितच लागते. तरीही आपल्यापैकी अनेकांच्या घरी ट्रंकेच्या तळाशी एखादी गोधडी जपलेली असते, आणि बदलीच्या प्रत्येक गावी ती आपल्याबरोबर आलेली असते.

अलीकडेच आपल्यातील एका भगिनीने गोधड्या शिवण्यासाठी घरी लांब हाताचे यंत्र घेतले. तेव्हापासून ‘यंत्रावर शिवली ती गोधडी कसली?’ असा वाद चालू आहे. त्याविषयी थोडे निवेदन करतो.

साध्या शिलाई यंत्रात सुई जागच्या जागी असते आणि कापड पुढे सरकते. गोधडीचा जाड गुंडाळा त्या अरुंद जागेत मावत नाही. थर हलतात, चुण्या पडतात. लांब हाताच्या यंत्राला साधारणपणे १० ते १४ फुटांची चौकट असते. कापडाचे थर तिच्यावर ताणून बसवितात आणि मुठी धरून यंत्रच कापडावरून फिरवितात. आपल्या आज्या तरी काय करीत? जमिनीवर लुगडे अंथरीत, त्यावर जुनेर पसरीत, वर दुसरे लुगडे घालीत आणि काठापासून धावदोरा घालीत मध्याकडे येत. कापड स्थिर राही, शिवणारी सरके. यंत्राची रीत आजीच्या रीतीहून फारशी निराळी नाही. म्हणून नव्या सुती कापडाच्या गोधड्या त्यावर खुशाल शिवाव्यात.

मला चिंता वाटते ती कापडाची. शेकडो वेळा धुऊन मऊ झालेले सुती लुगडे हा गोधडीचा प्राण होय. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी आणि उत्तर कर्नाटकातील सिद्दी स्त्रियांची कवंदी यांचा जन्मही जुन्या वस्त्रांतूनच झाला. आज आपल्या घरांत रोज नऊवारी नेसणारे कोणी राहिले नाही. कृत्रिम धाग्याच्या साडीला तो मऊपणा येत नाही, ती घामही टिपत नाही. ट्रंकेत उरलेली लुगडी ही शेवटचीच शिल्लक आहे.

अशा विरलेल्या वस्त्रावर यंत्राची दाट शिवण घातली, तर टाक्यांच्या रेषेतच ते फाटण्याचा संभव असतो. हाताचा सैल, लांब टाका त्याला सांभाळून घेतो. तो टाका जाणणाऱ्या वडीलधाऱ्या स्त्रिया आज या सभेत बसल्या आहेत. पुढच्या पिढीला तो कोण शिकविणार?

म्हणून सुवर्णमहोत्सवानिमित्त माझी एकच विनंती आहे. प्रत्येक घराने एक जुने लुगडे बाहेर काढावे. ते कोणाचे, कोणत्या गावचे, हे मुलांकडून मराठीत लिहून घ्यावे, आणि आजीशेजारी बसवून त्यांच्याकडून निदान एक ओळ तरी हाताने घालून घ्यावी.