मरणशय्येवरील दान



"माझ्यामागें हें घर तुझें," असे शब्द मरणोन्मुख माणसाच्या तोंडून निघाले म्हणजे ऐकणाऱ्यांचा कंठ दाटून येतो. आपल्या समाजांत अशा शब्दांना शपथेचें मोल आहे. परंतु न्यायालयांत त्यांचें मोल किती, हा प्रश्न निराळा आहे. आणि तो वेळीं न विचारल्यामुळें कित्येक कुटुंबें दुभंगतात.

मी वकील नव्हे. जन्मभर शाळामास्तरकी केली. परंतु एकदां साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें राहण्याची पाळी मजवर आली, तो प्रसंग सांगतों.

माझे एक स्नेही होते. आईबाप व पत्नी निवर्तलेलीं, मूलबाळ नाहीं. एक सख्खा भाऊ होता, परंतु त्याच्याशीं जाणेंयेणें तुटलेलें. अखेरच्या दुखण्यांत त्यांची शुश्रूषा केली ती दिवंगत बहिणीच्या मुलीनें. मृत्यूच्या आदल्या रात्रीं उशाखालची किल्ली तिच्या हातांत ठेवून ते म्हणाले, "पोरी, यांतून मी उठलों नाहीं, तर पेटींतले दागिने तुझे आणि हें घरही तुझेंच." आम्ही तिघेचौघे तेथें होतों. पुढें भावानें दावा लावला. दागिने भाचीकडे राहिले. स्वकष्टार्जित घर मात्र भावाकडे गेलें.

शब्द एकाच माणसाचे, साक्षीदारही तेच. मग निकाल दोन कां?

१९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या १९१ व्या कलमांत मृत्यूच्या अपेक्षेनें दिलेल्या देणगीचें लक्षण सांगितलें आहे. दाता आजारी असावा, त्या आजारांतच आपला लवकर अंत होणार असें त्यास वाटत असावें, वस्तु जंगम असावी आणि तिचा ताबा दिलेला असावा. दाता बरा झाला, किंवा घेणारा त्याच्या आधीं वारला, तर देणगी निष्फळ होते. दात्यास ती परतही घेतां येते. कलमाखालचें एक उदाहरण बोधप्रद आहे. एखाद्यानें वस्तूंचीं पुडकीं बांधून त्यांवर नांवें लिहिलीं, पण हयातींत तीं कोणाच्या हवालीं केलीं नाहींत, तर त्या नांवांच्या माणसांना कांहींच मिळत नाहीं. किल्ली हातांत पडली म्हणून दागिने वांचले.

घर हें स्थावर. त्याच्या दानासाठीं १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणें दात्याच्या सहीचें, निदान दोघांच्या साक्षीचें व नोंदलेलें बक्षीसपत्र हवें. शिवाय दाता जिवंत असतांनाच घेणाऱ्यानें त्याचा स्वीकार करावयास हवा. मुसलमानांच्या हिब्याचे नियम वेगळे आहेत. आमच्या स्नेह्यांचा कागदच नव्हता. मग १९५६ चा हिंदु उत्तराधिकार कायदा लागू झाला, आणि त्याच्या क्रमांत भाची भावाच्या मागें येते.

यावर सोपा उपाय मृत्युपत्राचा. त्यास मुद्रांक लागत नाहीं, नोंदणीची सक्ति नाहीं. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात, व तें हयातींत केव्हांही बदलतां येतें. मात्र तेंही अंथरुणाला खिळण्यापूर्वीं करावें. थरथरती सही, दुर्बल मन, लाभ होणाऱ्यानेंच घेतलेला पुढाकार, असा संशय दिसल्यास तो दूर करण्याचा भार मृत्युपत्र पुढें करणाऱ्यावर पडतो, असें सर्वोच्च न्यायालयानें १९५८ सालीं वेंकटाचल अय्यंगार यांच्या खटल्यांत स्पष्ट केलें.

कायदा निष्ठुर आहे, असें कोणी म्हणेल. मला तसें वाटत नाहीं. मृतास पुन्हां विचारतां येत नाहीं, आणि त्याच्या नांवावर खोटे शब्द खपविणारेही असतात. म्हणून कायदा कागद मागतो.

पण एक गोष्ट मला आजही टोंचते. त्या आजाराच्या दोन वर्षें आधीं ते स्नेही मला म्हणाले होते, "मास्तर, घराचा कागद करून टाकावा म्हणतों." मीं हंसून उत्तर दिलें, "एवढी घाई कसली? तुम्ही तर अजून खुटखुटीत आहां!" मरणाचा विषय काढूं नये, एवढाच माझा हेतु होता. पुढें वकिलानें मला विचारलें, "त्यांनीं कागद केला होता काय?" मीं "नाहीं" म्हटलें, तेव्हां ती मुलगी समोरच बसली होती.

आपल्या घरांतील कोणी वडीलधारे असा विषय काढतील, तेव्हां त्यांस थांबवूं नका. दौतलेखणी आणून द्या.