ड्रायव्हर एक, एलईडी किती?

आमचा बचत गट एलईडी बल्ब जोडतो आणि प्रत्येक बल्बवर वर्षाची गॅरंटी देतो. बंद पडलेला बल्ब परत आला की भरपाई गटाच्या पैशातूनच जाते. म्हणून एका दुकानदाराने, "ताई, त्याच ड्रायव्हरवर अजून दोन एलईडी बसवा, उजेड वाढेल," असं म्हटलं, तेव्हा आम्ही आधी वही काढली.

ड्रायव्हर म्हणजे बल्बच्या पोटातली छोटी सर्किटची पट्टी. पुष्कळ जणी तिच्यावरचे वॉट तेवढे बघतात. करंट आणि व्होल्टसुद्धा बघायला हवेत. आमच्या ड्रायव्हरवर आहे 300 मिलिअँपिअर, 24 ते 36 व्होल्ट. करंट तो ठरलेलाच देतो. एलईडी मात्र माळेत मणी ओवावे तसे एकापुढे एक जोडले, की त्यांच्या व्होल्टची बेरीज होत जाते.

आमचा एक पांढरा एलईडी साधारण 3 व्होल्ट घेतो. 36 भागिले 3, म्हणजे बारा. दुकानदाराचा हिशोब हाच! पण सगळे एलईडी सारखे नसतात, कुणी 2.9 घेतो, कुणी 3.3. बाराही जण 3.3 वाले निघाले तर 39.6 व्होल्ट लागतील, ते ड्रायव्हर आणणार कुठून? दिवा लुकलुकेल, नाहीतर लागणारच नाही. म्हणून वरची हद्द काढताना 3.3 ने भागायचं: दहा. खालची काढताना 24 ला 2.9 ने: आठाच्या थोडं वर, म्हणजे नऊ. आम्ही दहा बसवतो. 30 व्होल्ट गुणिले 0.3 अँपिअर, झाले 9 वॉट.

दोन ओळी शेजारी-शेजारी जोडल्या तर करंट वाटला जातो, प्रत्येकीला साधारण 150. त्यातली एक ओळ तुटली की सगळे 300 दुसरीवर येतात आणि तीही जळू शकते. आम्ही त्या वाटेला जात नाही.

खरेदीला जाल तेव्हा एक एलईडी किती व्होल्टचा, हे विचाराच. दिसायला सारखेच, पण 3, 6, 9 व्होल्टचे वेगवेगळे मिळतात.

गणपतीच्या आराशीतल्या 12 व्होल्टच्या पट्टीचं गणित वेगळं. तिथे मीटरमागचे वॉट गुणिले मीटर. 4.8 वॉटची 5 मीटर पट्टी म्हणजे 24 वॉट, तिला 30 वॉटचा अडॅप्टर घ्यावा.

आणि हो, बल्ब उघडा असताना वीज चालू ठेवून एलईडीच्या चकतीला हात लावू नका. स्वस्त ड्रायव्हरमध्ये तिथेही घरातल्या विजेचा झटका बसू शकतो.