बेदरकारीचा हप्ता कोणी भरायचा?

(खांब, ता. रोहा येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



नागोठणे आणि कोलाड यांच्या दरम्यान महामार्गावर वसलेल्या या गावात मोटार-विम्यावर बोलणे कोणास अप्रस्तुत वाटेल. विमा ही मोटारवाल्यांची बाब, असा आपला समज असतो. वस्तुतः ज्याच्याजवळ सायकलही नाही, त्या शेतमजुराचा या विम्याशी सर्वांत निकटचा संबंध आहे. भाताचा भारा घेऊन रस्ता ओलांडताना तो वाहनाखाली सापडला, तर त्याच्या कुटुंबाच्या हाती जे काही पडते ते बहुधा याच विम्यातून. म्हणूनच तृतीय पक्षाच्या विम्याची सक्ती आपल्याकडे १९४६ पासून आहे, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ ने ती कायम ठेवली.

जो दारू पिऊन वा बेफामपणे वाहन हाकतो त्याच्याकडून अधिक हप्ता घ्यावा, असा विचार आता पुढे आला आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या एका कार्यगटाने २०२१ साली तशी शिफारस केली: नशेत वाहन चालवल्यास १०० गुण, भलत्या जागी उभे केल्यास १० गुण, आणि त्या प्रमाणात जादा हप्ता. वरकरणी यात न्याय दिसतो. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या खाजगी मोटारीचा तृतीय-पक्ष हप्ता ३,४१६ रुपये ठरला. सावध मालकाला आणि बेदरकार मालकाला तो एकच. दावा न केल्याबद्दलची सवलत मिळते, ती केवळ स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर. म्हणजे पत्रा वाचवणाऱ्यास बक्षीस आणि माणूस वाचवणाऱ्यास काहीच नाही!

तरीही तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत.

पहिला, भार कोणावर? कार्यगटाने हे गुण वाहनाच्या खात्यावर मांडले आहेत; म्हणजे हप्ता मालकाचा. परंतु ज्या मालट्रकचा चालक खेपेवर मजुरी घेतो, त्याला वेगाची घाई मालकानेच लावलेली असते. वाढीव हप्ता मालक चालकाच्या मजुरीतून कापून घेणार नाही, याची हमी कोण देणार? अशी कपात कायद्याने निषिद्ध केल्याखेरीज ही शिक्षा श्रमिकाच्याच माथी बसेल.

दुसरा, हप्ता वाढला आणि त्याने विमाच उतरवला नाही तर? देशातील निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना धावतात, असे संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने २०२४ साली नमूद केले. अमेरिकेतील अनेक राज्यांत अशा गुन्हेगार चालकाला परवाना परत हवा असेल, तर विमा कंपनीने त्याच्या विम्याचे प्रमाणपत्र थेट सरकारकडे पाठवावे लागते. विमा खंडित झाला की कंपनीच ते सरकारला कळवते आणि परवाना पुन्हा निलंबित होतो. भांडवलशाही देशालाही जे जमते ते आपल्या परिवहन कार्यालयांना का जमू नये?

तिसरा प्रश्न सर्वांत गंभीर. २०१९ च्या दुरुस्तीने चालकाची नशा हे विमा कंपनीच्या बचावाचे एक कारण म्हणून कायद्यात घातले. चालक प्यायला, यात मेलेल्याचा अपराध कोणता? केरळ उच्च न्यायालयाने २०२३ साली, कंपनीने प्रथम भरपाई द्यावी व मग ती मालक-चालकाकडून वसूल करावी, असा निर्णय दिला. विनापरवाना चालकांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने स्वर्णसिंग खटल्यात २००४ सालीच ही दिशा दाखवली होती. हे तत्त्व कायद्यातच निःसंदिग्धपणे लिहिले गेले पाहिजे. एरव्ही प्रत्येक विधवेला न्यायालयाची पायरी चढून ते नव्याने मिळवावे लागेल.

१९७३ साली सामान्य विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा विमा ही समाजाची परस्पर जबाबदारी मानली गेली. २००० नंतर खाजगी कंपन्या आल्या. पण जबाबदारीचे ते तत्त्व आपण सोडण्याचे कारण नाही. बेदरकाराकडून अधिक घ्या, अवश्य घ्या. मात्र पीडिताच्या हक्काला त्याची झळ लागता कामा नये.

कार्यकर्त्यांनी तूर्त एवढे तरी करावे. अपघात झाला की त्या घरी जावे, पंचनाम्याची नक्कल व वाहनाचा विमा क्रमांक मिळवावा, सहा महिन्यांच्या आत न्यायाधिकरणात दावा दाखल करवावा. वाहन पळून गेले असले, तरी १ एप्रिल २०२२ पासून मृताच्या वारसांना २ लाख व गंभीर जखमीला ५० हजार रुपयांची तरतूद आहे. ही गोष्ट ज्या घराला ठाऊक नाही, ते घर आपण शोधून काढले पाहिजे.