मधुमेह आणि गव्हाची बाधा : घरच्या धान्याचा आहार



घरातल्या मुलाला मधुमेह निघतो, इन्शुलिन सुरू होते, आणि त्या धक्क्यातून सावरतो न सावरतो तोच डॉक्टर सांगतात की सिलिॲकही आहे, म्हणजे गहू कायमचा बंद. अशा घरात आईचा पहिला प्रश्न असतो : साखर नको, पोळी नको, मग पोराला वाढायचे काय? आज त्याविषयीच बोलावयाचे आहे.

हे दोन रोग एकत्र येणे हा निव्वळ योगायोग नव्हे. टाइप १ मधुमेहात शरीराची संरक्षक यंत्रणाच इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. सिलिॲकमध्ये ती गहू, जव व राय यांतील ग्लुटेन या चिकट प्रथिनामुळे लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. दोन्हींची आनुवंशिक बैठक काही अंशी एकच आहे. त्यामुळे टाइप १ मधुमेहाच्या शंभर रुग्णांत सुमारे पाच-सहा जणांना सिलिॲक सापडतो. उतारवयातील नेहमीच्या मधुमेहाशी याचा तसा संबंध नाही; तेव्हा प्रत्येक मधुमेह्याने गहू सोडावा असा अर्थ कोणी काढू नये.

गव्हाचा हा दोष हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी ओळखला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तेथे पाव मिळेनासा झाला. लोक उपाशी असताना ही आजारी मुले मात्र सुधारली, आणि पाव परत येताच पुन्हा आजारी पडली. डिके यांचा आधीपासूनचा संशय त्यामुळे पक्का झाला.

आतड्याचे अस्तर बिघडलेले असताना अन्न नीट शोषले जात नाही. इन्शुलिन टोचलेले असते, पण साखर रक्तात उतरत नाही. मुलाला घाम फुटतो, हातपाय थरथरतात. अशा वेळी आपण खिशातले ग्लुकोज बिस्कीट देतो. ते गव्हाचेच असते! त्याऐवजी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी व पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. मूल शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा. पुढे गहू बंद झाला की शोषण सुधारते आणि इन्शुलिनची मात्रा वाढवावी लागू शकते. हा रोग बळावल्याचा पुरावा नव्हे. मात्रा मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्यावी.

आता धान्याकडे वळू. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, राजगिरा, मका, तांदूळ आणि सर्व डाळी यांत ग्लुटेन नाही. येथे आपण पंजाबच्या शेतकऱ्यापेक्षा सुदैवी. भाकरी आपल्याला परकी नाही. पण एक गैरसमज दूर केला पाहिजे. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ७० ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात, गव्हातही जवळपास तितकेच. म्हणून भाकरी गव्हाविना असली तरी मोजूनच खावी. पीठ वजन करून एका मापाच्या भाकरी थापाव्यात, म्हणजे इन्शुलिनचा मेळ बसतो. सोबत उसळ, पालेभाजी, ताक असावे. नुसता भात वा साबुदाणा साखर झपाट्याने चढवतो. खपली गहू चालेल का, असे पुष्कळजण विचारतात. चालत नाही, तोही गहूच. रवा, मैदा, शेवया, सातूचे पीठ हेही वर्ज्य. बाजारच्या हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

खरी अडचण गिरणीत येते. गव्हानंतर त्याच जात्यावर दळलेल्या ज्वारीत गव्हाचे पीठ उतरते, आणि या रोगात चिमूटभरही बाधते. आपल्याकडे ग्लुटेनमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, यावरून कल्पना यावी. घरी स्वतंत्र जाते किंवा छोटी चक्की ठेवावी. मुलाच्या वाट्याची ज्वारी गव्हाआधी मळावी, नव्या पोत्यात भरावी, दळण्यापूर्वी निवडून धुऊन वाळवावी. त्याचा तवा, परात व पोळपाट वेगळे ठेवावे.

आणखी एक. संशय आला म्हणून तपासणीआधीच गहू बंद करू नये, नाहीतर रक्ताची तपासणी व आतड्याचा नमुना दोन्ही फसवे येतात. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांची व आईवडिलांचीही रक्ततपासणी करून घ्यावी. पोटाची तक्रार नसली तरीही. कधी कधी न वाढणारी उंची किंवा गोळ्यांनी न हटणारा रक्तक्षय एवढीच खूण दिसते.